सोलरचा हप्ता: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात आपण विजेच्या तारा न पोचलेल्या घरांतल्या छोट्या सोलर सेटबद्दल लिहिलं होतं, केनिया, बांगलादेश, नायजेरिया अशा देशांत हा धंदा कसा उभा राहिला त्याची नुसती तोंडओळख होती ती. त्यावर भरपूर प्रश्न आले, काही एकसारखे होते ते एकत्र केलेत, एक-दोन उत्तरं लांबलीत कारण तिथे सांगण्यासारखं खरंच खूप आहे.

प्रश्न: ऊन फुकट, पॅनल इतके स्वस्त झालेत, एलईडीचे भाव पण कोसळलेत, मग अजून कोट्यवधी लोक अंधारात का आहेत? नक्की अडतंय कुठे?

अडतंय ते रोख पैशापाशी. आधी आकडा सांगतो म्हणजे प्रश्न केवढा मोठा आहे ते कळेल. २०२३ मध्ये जगात साधारण ६६ कोटी ६० लाख लोकांच्या घरी वीज नव्हती, आणि त्यातले सुमारे ८५ टक्के सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेतले. आता ही माणसं उजेडावर काहीच खर्च करत नाहीत असं अजिबात नाही बरं का. रॉकेल, मेणबत्त्या, टॉर्चचे सेल, फोन चार्ज करून देणाऱ्याला द्यायचे पैसे, हे सगळं चालूच असतं, थोडं थोडं करून, आणि वर्षभराची बेरीज मांडली तर बऱ्याच घरांत ती रक्कम एका साध्या सोलर सेटच्या आसपास जाते. पण रॉकेल आज हातात पैसे आहेत तेवढंच घेता येतं, बाटलीच्या तळाशी दोन बोटं का होईना. सोलर सेट तसा मिळत नाही, पुढच्या कित्येक वर्षांची वीज आजच, एका दिवसात, एकरकमी विकत घ्यायची असते. ज्याची कमाई रोजची किंवा हंगामाची आहे आणि बँकेत खातं नाही त्याला ते कसं जमणार?

म्हणजे विकणाऱ्यानेच उधार द्यायला पाहिजे, आणि एकदा उधार द्यायचं ठरलं की सगळा धंदाच बदलतो. पॅनलची किंमत त्यात छोटी होऊन जाते. बॅटरी, कंट्रोलर, दिवे, जहाजाचं भाडं, आयात शुल्क, गावोगाव फिरणाऱ्या एजंटचं कमिशन, बिघडल्यावर जाणारा टेक्निशियन, बुडालेले हप्ते, आणि ह्या सगळ्यासाठी कंपनीने स्वतः काढलेल्या कर्जाचं व्याज, हे सगळं ग्राहकाच्या हप्त्यात येऊन बसतं. त्यामुळे चीनमधल्या कारखान्यात पॅनल अर्ध्या किमतीला आलं तरी दूरच्या खेड्यातला हप्ता अर्धा होत नाही. मी तर ह्या धंद्याकडे उधारीचाच धंदा म्हणून बघतो, सोलर ही त्यातली वस्तू. खालच्या बहुतेक प्रश्नांची उत्तरं शेवटी इथेच येतात.

प्रश्न: हप्ता थकला की कंपनी लांबूनच लाईट बंद करते असं वाचलं. हे चालतं कसं? आणि गरिबाच्या घरातला दिवा असा बंद करणं बरोबर आहे का?

दोन वेगळे प्रश्न आहेत, आधी तांत्रिक भाग.

ह्याची सुरुवात खरं तर सोलरपासून झालीच नाही, मोबाईलवरून पैसे पाठवण्यापासून झाली. केनियात मार्च २००७ मध्ये एम-पेसा सुरू झालं, बँक खातं नसलेला माणूसही साध्या फोनवरून अगदी छोटी रक्कम पाठवू लागला. त्याच्या आधी खेड्यात घरोघर जाऊन रोजचे चार पैसे गोळा करायचे तर गोळा करणाऱ्याचाच खर्च हप्त्यापेक्षा जास्त झाला असता. एम-पेसाच्या उभारणीत असलेले निक ह्यूज पुढे एम-कोपा ह्या कंपनीच्या संस्थापकांपैकी एक झाले आणि २०१२ मध्ये त्यांनी केनियात हप्त्यावरचे सोलर सेट विकायला सुरुवात केली. सुरुवातीच्या काळात त्यांची जी योजना गाजली ती साधारण अशी होती, ३५ डॉलरच्या आसपास डिपॉझिट आणि मग वर्षभर रोजचे ४५ सेंट. म्हणजे एकूण २०० डॉलरच्या घरात. त्यात मिळायचं काय, तर ८ वॅटचं पॅनल, एलईडीचे दोन-तीन दिवे, टॉर्च, रेडिओ आणि फोन चार्जिंगची सोय. वर्ष पूर्ण झालं की सेट ग्राहकाच्या मालकीचा.

आता बंद कसा होतो ते बघा. सेटच्या डब्यात एक छोटं घड्याळ म्हणा किंवा काउंटर म्हणा, ते किती दिवस शिल्लक आहेत हे मोजत असतं. काही सेटमध्ये सिमकार्ड असतं, पैसे पोचले की कंपनीचा सर्व्हर थेट त्या डब्याला कळवतो आणि दिवस वाढतात. पण जिथे नेटवर्क धड नाही तिथे कीपॅडवाले सेट चालतात, तुम्ही पैसे भरले की फोनवर एसएमएसने आकड्यांचा एक कोड येतो, तो डब्यावरच्या बटणांनी टाकायचा, डबा तो कोड स्वतःच तपासतो आणि अमुक इतके दिवस चालू करतो, म्हणजे डब्याला इंटरनेटची गरजच नाही. तोच कोड दुसऱ्यांदा चालत नाही, शेजाऱ्याच्या डब्यातही चालत नाही, कारण प्रत्येक डब्याची गुप्त किल्ली वेगळी असते. ह्या कोडची एक पद्धत ओपनपेगो नावाने सगळ्यांसाठी खुलीसुद्धा आहे, छोट्या कंपन्यांना त्याचा मोठा आधार आहे.

आता लोक डबा उघडून वायर थेट जोडतील ही भीती कंपनीला असतेच. म्हणून मग डबा सीलबंद, प्लग स्वतःच्याच आकाराचा, दुसऱ्या कंपनीचा दिवा लागत नाही. ह्याचा त्रास शेवटी प्रामाणिक ग्राहकाला होतो, कारण सगळे हप्ते फेडून झाले, सेट त्याचा झाला, आणि नंतर एक स्विच गेला तरी गावातला रेडिओ दुरुस्त करणारा माणूस त्याला हात लावू शकत नाही. मला ही गोष्ट फार खटकते. हप्ते चालू असेपर्यंत कुलूप समजू शकतो, पण फेडून झाल्यावर सेट पूर्ण मोकळा झाला पाहिजे आणि सुटे भाग मिळाले पाहिजेत, एवढी अट तरी सरकारांनी घालायला हवी.

आणि बंद करणं बरोबर की नाही? माझं मत असं की कुलूप आहे म्हणूनच तारण नसलेल्या माणसाला उधार मिळतं, ते काढलं तर उधारीच बंद होईल. पण कसं बंद करता ह्याला महत्त्व आहे. शेतकऱ्याकडे पीक विकल्यावर पैसा येतो आणि पेरणीच्या दिवसांत तो कोरडा असतो, त्याला रोजचा सारखा हप्ता लावणं म्हणजे वर्षातले दोन-तीन महिने त्याचा दिवा बंद राहणार हे आधीच ठरवून टाकणं. चांगल्या कंपन्या हंगामाप्रमाणे भरायची मुभा देतात, पैसे नसतील तेव्हा दिवस नुसते पुढे ढकलले जातात, दंड लागत नाही. विकताना एजंटने हे सगळं ग्राहकाच्या भाषेत सांगितलं का, एकूण किती रक्कम भरावी लागेल हे सांगितलं का, की फक्त रोजचे एवढेसेच पैसे म्हणून गळ्यात मारलं, हे जास्त तपासायला पाहिजे. एजंटला नुसतं विक्रीवर कमिशन दिलं की तो कोणालाही विकतो, वसुलीवर पण दिलं की तो आधी विचार करतो, ह्याला परवडेल का.

प्रश्न: अशा सेटवर नक्की काय काय चालतं? फ्रिज, पंखा?

लहान सेटवर फ्रिज विसरा. जागतिक बँकेच्या मंडळींनी विजेच्या सोयीच्या पायऱ्या ठरवल्यात, शून्य ते पाच. पहिल्या पायरीला दिवसाला किमान १२ वॅट-तास वीज लागते, म्हणजे एखादा दिवा आणि फोन चार्जिंग. दुसरीला २०० वॅट-तास, इथे पंखा आणि छोटा टीव्ही येतो. तिसरीला दिवसाला १ युनिट, म्हणजे १,००० वॅट-तास. पहिली आणि दुसरी ह्यांच्यातलं अंतर बघा, सोळा पटीहून जास्त आहे, आणि तरी बातमीत दोघांनाही 'वीज मिळाली' असंच म्हणतात.

हिशोब सोपा आहे. १०० वॅटचं पॅनल, चांगलं ऊन दिवसाला चार-पाच तास धरलं, तर कागदावर ४०० ते ५०० वॅट-तास. पण पॅनल तापलं की उत्पादन घटतं, २५ अंशांच्या वर दर अंशाला साधारण ०.४ टक्के, आणि भर उन्हात पॅनलचा पृष्ठभाग हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतो, शिवाय धूळ, वायर, बॅटरीत होणारी घट, हातात ३०० च्या आसपास येतात असं धरून चाला. ह्यात डीसी, म्हणजे थेट बॅटरीवर चालणारा पंखा, टीव्ही, तीन-चार दिवे आरामात बसतात, कारण ह्या सेटसाठी खास कमी विजेवर चालणारी उपकरणं बनवतात, छोटा डीसी पंखा १०-१५ वॅटमध्ये फिरतो, साध्या छताच्या पंख्याला ७० च्या पुढे लागतात. माझ्या मते ह्या बाजारात खरी क्रांती पॅनलपेक्षा उपकरणांनी केली. एका वॅटचा एलईडी शंभर लुमेनच्या आसपास उजेड देतो, रॉकेलची वातीची चिमणी त्याच्या जवळपाससुद्धा येत नाही.

स्वयंपाक मात्र नाही, शेगडीला हजार वॅट लागतात, ते ह्या आकाराच्या सेटचं कामच नाही.

प्रश्न: बांगलादेशात चाळीस लाख घरांना सोलर मिळालं असं मी कॉलेजमध्ये शिकलो. मग आता तिकडचं काही ऐकू का येत नाही?

तुम्ही शिकलात ते खरं आहे, आणि पुढचं जे झालं तेही शिकवायला हवं.

२००३ मध्ये इडकॉल ह्या सरकारी वित्तसंस्थेने जागतिक बँकेच्या मदतीने कार्यक्रम सुरू केला. सुरुवातीचं लक्ष्य होतं फक्त ५० हजार सेट, ते २००५ मध्येच पूर्ण झालं, मुदतीच्या तीन वर्षं आधी. २०१८ पर्यंत ४१ लाखांच्या वर सेट बसले, साधारण दोन कोटी माणसांच्या घरात उजेड गेला, जगात असा दुसरा कार्यक्रम नाही. युक्ती अशी की इडकॉल स्वतः सेट विकत नव्हतं. ग्रामीण शक्तीसारख्या संस्था, जी १९९६ पासून ह्या कामात होती, त्या गावात जायच्या, सेट बसवायच्या, ग्राहकाकडून साधारण १०-१५ टक्के रोख घ्यायच्या आणि उरलेलं दोन-तीन वर्षांत हप्त्याने. ह्या संस्थांना पैसा इडकॉल कमी व्याजाने परत पुरवायचं, म्हणजे संस्थेचं भांडवल अडकून पडत नव्हतं. प्रत्येक सेटमागे थोडं अनुदान होतं, ते वर्षागणिक कमी कमी करत नेलं. मालाला दर्जाची अट, तपासणीला माणसं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हप्ता घ्यायला जो महिन्याला घरी यायचा तोच बॅटरीत पाणी आहे का ते बघायचा, वायर सैल झाली तर घट्ट करायचा. गावातल्या बायकांना सेट जोडायचं आणि दुरुस्त करायचं शिक्षण दिलं गेलं, कित्येकींना त्यातून कमाई सुरू झाली. मोबाईल पेमेंट नाही, लांबून बंद करायचं कुलूप नाही, तरी वर्षानुवर्षं वसुली चांगली होती, कारण माणूस दारात येत होता.

मग बिघडलं काय? दोन गोष्टी एकाच वेळी झाल्या. एक तर सरकारने ग्रिडच्या तारा भराभर ओढल्या, मार्च २०२२ मध्ये तर शंभर टक्के विद्युतीकरण झाल्याची घोषणाच झाली. ज्याच्या दारात खांब आला त्याला सोलरचा राहिलेला हप्ता भरावासा कशाला वाटेल? दुसरी गोष्ट म्हणजे सरकारच्याच दुसऱ्या योजनांतून ग्रामीण भागात सोलर सेट फुकट वाटले जाऊ लागले. शेजाऱ्याला फुकट मिळालं आणि मी तीन वर्षं हप्ते भरतोय, हे कोणत्या माणसाला पटेल? हप्ते थांबले, संस्थांचे पैसे गावागावात अडकले आणि त्यांनी इडकॉलचं कर्ज घेतलेलं, ते फेडायची पंचाईत झाली. हजारो फील्ड कर्मचाऱ्यांच्या नोकऱ्या गेल्या.

ग्रिड आली ही वाईट बातमी नाही, लोकांना हवी होती आणि मिळाली. पण खांब कोणत्या गावात कोणत्या वर्षी जाणार हे आधी सांगितलं असतं, फुकट वाटप आणि हप्त्याची योजना एकाच भागात समोरासमोर आणली नसती, तर ज्या संस्थांनी वीस वर्षं काम केलं त्यांचा असा गळा आवळला गेला नसता. आफ्रिकेतल्या देशांनी बांगलादेशचा चढ अभ्यासला, उताराचा अभ्यास कमी झालाय असं मला सतत वाटतं.

प्रश्न: मागणी एवढी आहे, मग ह्या कंपन्या बुडतात का?

कारण कर्ज एका चलनात आणि वसुली दुसऱ्या चलनात. हे जरा समजून घ्या, सगळी गोम इथे आहे.

कंपनी डॉलरमध्ये कर्ज काढते, डॉलरमध्ये माल आणते, आणि ग्राहक हप्ता शिलिंग किंवा नायरात भरतो, तोही दोन-तीन वर्षं, ठरलेल्या रकमेचा. जून २०२३ मध्ये नायजेरियाने नायराचा दर मोकळा सोडला. त्याआधी डॉलरला ४६० च्या आसपास नायरा होते, २०२४ मध्ये काही वेळा १,५०० च्या वर गेले. आता समजा तुम्ही मे २०२३ मध्ये शंभर सेट उधारीवर दिलेत. ग्राहक एकूण एक प्रामाणिक, एक हप्ता चुकवत नाहीत, तरी तुम्हाला डॉलरमध्ये तिसऱ्या हिश्श्याएवढे पैसे परत मिळणार आणि कर्ज पूर्ण फेडायचंय. ह्यात ना ग्राहकाची चूक ना सेटची.

म्हणून आता मोठ्या कंपन्या स्थानिक चलनात भांडवल उभं करायला बघतात. सन किंगने २०२३ मध्ये केनियात सिटी बँकेच्या साथीने ग्राहकांकडून येणाऱ्या पुढच्या हप्त्यांच्या जोरावर केनियन शिलिंगमध्ये १३ कोटी डॉलरएवढी रक्कम उभी केली. हा चांगला मार्ग आहे पण मोठ्यांनाच जमतो, स्थानिक माणसाने सुरू केलेल्या छोट्या कंपनीकडे बँका ढुंकूनही बघत नाहीत, गुंतवणुकीचा मोठा वाटा वर्षानुवर्षं मूठभर मोठ्या, बऱ्याचदा परदेशी संस्थापक असलेल्या कंपन्यांकडेच गेलाय.

दुसरं कारण, मोठे सेट मोठ्या खर्चाने विकणं. बर्लिनमध्ये सुरू झालेली मोबिसोल टांझानिया, रवांडा, केनिया इथे टीव्ही चालेल एवढे दणकट सेट विकत होती, वस्तू चांगली होती, ग्राहक खूश होते, पण २०१९ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली आणि नंतर फ्रान्सच्या एंजी ह्या ऊर्जा कंपनीने ती घेतली.

तिसरं, सरकारांची धरसोड. केनियाने २०२० मध्ये सोलर मालावरची व्हॅटची सूट काढली, २०२१ मध्ये परत दिली. एका वर्षाचा गोंधळ, पण दोन-तीन वर्षांचे हप्ते ठरवून बसलेल्या धंद्याला तेवढाही पुरतो.

आणि एम-कोपाचं पुढे काय झालं हेही एकाने विचारलंय. त्यांचा मोठा धंदा आता हप्त्यावर स्मार्टफोन विकण्याचा आहे. ज्या ग्राहकाने सोलरचे हप्ते नीट भरले त्याला पुढे उधार द्यायला हरकत नाही, हे त्यांच्याकडे लिहून ठेवलेलं आहे, आणि बँकेने ज्याला कधी दारात उभं केलं नाही त्या माणसाची पत म्हणजे ही नोंद. ह्याबद्दल मला आनंद आहे. पण फोन खेडोपाडी नेऊन बसवावा लागत नाही, दुरुस्तीला माणूस पाठवावा लागत नाही, म्हणून भांडवल तिकडे वळतं, आणि आडवाटेच्या घरातला दिवा मागे राहतो, हेही तितकंच खरं.

प्रश्न: बाजारात नकली माल फार आहे म्हणतात. साध्या ग्राहकाने ओळखायचं कसं?

नुसत्या डोळ्यांनी ओळखता येत नाही, हीच तर अडचण आहे. खोक्यावर ५० वॅट लिहिलेलं पॅनल निम्म्याच वॅटचं असू शकतं, आणि आतली बॅटरी जुन्या लॅपटॉपमधून काढलेली असली तरी पहिला आठवडा दिवा छान लागतो. सहा महिन्यांनी तो विझतो तेव्हा विकणारा गायब, आणि पूर्ण गाव 'सोलर म्हणजे फसवणूक' म्हणून मोकळं होतं. पुढे चांगला माल घेऊन गेलं तरी कोणी दारात उभं करत नाही. एका वाईट सेटने पन्नास चांगल्यांची वाट बंद होते.

ह्यासाठीच जागतिक बँक गटाने २००७ मध्ये लायटिंग आफ्रिका नावाचा कार्यक्रम सुरू केला, त्यातून दर्जाची चाचणी आली, आज ती व्हेरासोल ह्या नावाने चालते. तिथे दिवा २,००० तास लावून ठेवून उजेड किती उतरला ते मोजतात, वस्तू खाली पाडून बघतात, आणि खोक्यावर जे लिहिलंय ते खरं आहे का हे तपासतात. पूर्ण सेट असेल तर पॅनल, बॅटरी आणि मुख्य डब्याला निदान दोन वर्षांची वॉरंटी असावी लागते, छोट्या कंदिलाला एक वर्ष. बरेच देश आयात करातली सूट फक्त असा माल असेल तरच देतात, हे फार योग्य आहे.

ग्राहकाला माझा एकच सल्ला असतो, वॅट विचारू नका, बिघडल्यावर कोण येणार आणि किती दिवसांत ते विचारा.

प्रश्न: जिथे ग्रिड आहे तिथे ह्या सेटचं काम संपलं का?

नाही ना, नायजेरियाच बघा. तारा आहेत पण त्यात वीज कधी असेल ह्याचा भरवसा नाही, म्हणून घरोघर छोटे पेट्रोल जनरेटर धडधडत असतात. मे २०२३ च्या शेवटी पेट्रोलवरचं अनुदान काढलं, भाव दुपटीच्या वर गेला, आणि जनरेटरऐवजी सोलर-बॅटरी हा हिशोब अचानक लाखो घरांना परवडू लागला. येमेनमध्ये तर २०१५ पासूनच्या युद्धात ग्रिडच कोलमडली आणि लोकांनी व्यापाऱ्यांकडून पॅनल आणि बॅटऱ्या घेऊन स्वतःची सोय स्वतः केली, तिथे ना मोबाईलचे हप्ते होते ना कुठली गाजलेली स्टार्टअप.

प्रश्न: बॅटऱ्या संपल्यावर कुठे जातात?

हा प्रश्न विचारल्याबद्दल मनापासून आभार, फार कमी लोक विचारतात.

जुन्या सेटमध्ये शिसं-आम्लाची बॅटरी असायची. ती रोज तळापर्यंत वापरली की दोन-तीन वर्षांत संपते, आणि शिशाला भाव मिळतो म्हणून भंगारवाला ती आनंदाने घेऊन जातो. पुढे ती कुऱ्हाडीने फोडतात, आम्ल जमिनीवर ओततात आणि शिसं उघड्यावर वितळवतात. केनियात मोम्बासाजवळ ओविनो उहुरू नावाची वस्ती आहे, तिथे शेजारीच जुन्या बॅटऱ्यांचं शिसं वितळवायचा कारखाना होता, लहान मुलांच्या रक्तात शिसं सापडलं, आणि लोकांना न्यायासाठी वर्षानुवर्षं कोर्टात जावं लागलं. त्या बॅटऱ्या मुख्यतः गाड्यांच्या होत्या, पण सोलरची शिशाची बॅटरी काही वेगळ्या वाटेने जात नाही, आणि एकदा मुलाच्या शरीरात शिसं गेलं की मेंदूचं झालेलं नुकसान भरून येत नाही.

आता नव्या सेटमध्ये बहुतेक लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी येते, ती दोन हजारांच्या वर चार्जिंग झेलते, शिसं नाही, आकाराने पण लहान. पण ती भंगारात विकायला गेलात तर कोणी फारसे पैसे देत नाही, म्हणून ती गोळाच होत नाही, उकिरड्यावर किंवा संडासाच्या खड्ड्यात जाते. उपाय आहे, नवा सेट घेताना जुनी बॅटरी परत केली तर हप्त्यात सूट द्यायची आणि तो खर्च विक्रीच्या दिवशीच बाजूला काढून ठेवायचा. कंपन्या म्हणतात एवढ्या लांबून परत आणायला परवडत नाही. न्यायला परवडलं होतं ना, मग परत आणायचा खर्चही धंद्याचाच भाग धरला पाहिजे.

प्रश्न: एवढी भानगड करण्यापेक्षा सरकारने किंवा मोठ्या संस्थांनी सेट सरळ फुकट का देऊ नयेत?

सरसकट फुकट देऊ नयेत, बांगलादेशात काय झालं ते वर आलंच आहे. फुकट दिलेला सेट पहिल्या बिघाडाला बंद पडतो कारण दुरुस्तीला येणारा कोणी नसतो, आणि जो हप्त्यावर विकून दुरुस्तीही करायचा तो तोवर धंदा गुंडाळून गेलेला असतो. पण सगळं बाजारावर सोडा म्हणणाऱ्यांशीही मी सहमत नाही. दहा-बारा वर्षं बाजाराला मोकळं रान मिळालं आणि तो कुठे पोचला, तर रस्त्याजवळ, मोबाईल नेटवर्क असलेल्या, थोडीफार नियमित कमाई असलेल्या घरांपर्यंत. त्याच्या पुढच्या घरांना पूर्ण किंमत परवडणारच नाही, हप्ता कितीही लहान केला तरी. एका वॅटसाठी सगळ्यात जास्त पैसे जगातला सगळ्यात गरीब माणूस मोजतोय, आणि शहरातल्या माणसाच्या ग्रिडच्या जोडणीला मात्र जवळजवळ सगळीकडे सरकारी पैसा लागलेला असतो, हे मला अन्यायाचं वाटतं.

मधला रस्ता टोगोने काढला. २०१७ मध्ये सिझो नावाचा कार्यक्रम आला, आणि नंतर सरकारने ग्राहकाच्या महिन्याच्या हप्त्यातला काही भाग स्वतः भरायला सुरुवात केली, बाकीचा ग्राहकाने भरायचा. कंपनी कामाला बांधलेली राहते, ग्राहक दुरुस्तीसाठी तिला जाब विचारू शकतो, आणि हप्ता आवाक्यात येतो. आता २०२४ मध्ये जागतिक बँक आणि आफ्रिकन विकास बँकेने 'मिशन ३००' जाहीर केलंय, २०३० पर्यंत आफ्रिकेतल्या ३० कोटी लोकांना वीज, आणि त्यात छोट्या सोलरचा मोठा वाटा असणार. नायजेरियासाठी तर डिसेंबर २०२३ मध्येच जागतिक बँकेने ७५ कोटी डॉलरचा वेगळा कार्यक्रम मंजूर केला होता.

प्रश्न: अशा कार्यक्रमाचा अहवाल आला तर त्यात सामान्य वाचकाने काय बघावं?

किती सेट विकले हा आकडा पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात असतो, तो सोडून द्या. दोन वर्षांपूर्वी बसवलेल्या शंभर सेटपैकी आज रात्री किती चालू आहेत ते शोधा. नंतर बघा, मिळालेलं अनुदान बसवल्याच्या दिवशीच पूर्ण दिलं की काही हिस्सा सेट वर्ष-दोन वर्षं चालल्यावर द्यायचा ठेवला. पूर्ण पैसे पहिल्याच दिवशी हातात पडणार असतील तर कंपनी पुढच्या गावाला निघून जाते. आणि पायरी कोणती धरलीय ते बघा, एका दिव्याचा सेट आणि पंखा-टीव्ही चालवणारा सेट एकाच रकान्यात मोजले असतील तर मला लिहा, तो अहवाल आपण पुढच्या अंकात सविस्तर बघू.